चिठ्ठी जागेवर

आमच्या मॅडम कुणालाही नावानं हाक मारत नसत. पहिल्या दिवशी हजेरीपत्रक बाजूला सारून त्यांनी एकेकाला उभं केलं आणि एवढंच विचारलं, "तालुका?" त्या दिवसापासून दोन वर्षं आम्ही तासगाव, पलूस, माण, खटाव अशा नावांनी जगलो. जतहून दोघं आले होते, त्यांचं जत उत्तर आणि जत दक्षिण झालं. मी आटपाडी.

"आज पलूस दिसत नाही?"

"मॅडम, पलूसला ताप आलाय."

"आणि खटाव?"

"खटाव पलूसला दवाखान्यात घेऊन गेलंय."

विभागात नवीन आलेला शिपाई दाराबाहेर हे ऐकायचा. आत साथीच्या रोगांची बैठक चालते, असं तो आठवडाभर समजत होता.

मी सांगलीच्या कॉलेजातून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं, विशेष विषय कीटकशास्त्र. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पलीकडं कुणी गेलं नव्हतं. वस्तीवर माझ्या शिक्षणाला 'किडं मोजायची शाळा' म्हणत. म्हणोत बापडे. मोजायला आधी ओळखावं लागतं, आणि ओळखायला मला त्या बाईंनी शिकवलं.

मॅडम साताऱ्याच्या. वडील फौजेत होते आणि मॅडमची चालही तशीच होती. साडी घोट्याच्या वर, चार ठिकाणी सेफ्टी पिनांनी आवळलेली, पायात कॅनव्हासचे बूट. अंबाड्यात एक बारीक ब्रश खोचलेला असे. तो शोभेचा नव्हे, चिमटीत धरता न येणारा इवला किडा उचलायचा. पर्समध्ये औषधाच्या रिकाम्या बाटल्या. पलूसहून येणाऱ्या एसटीत एकदा त्यांनी पुढच्या सीटवरच्या गृहस्थांच्या कॉलरवरून एक भुंगेरा उचलला. ते दचकून म्हणाले, "आवं बाई, काय करताय?" मॅडम म्हणाल्या, "हलू नका. कुठं चढलात?" त्यांनी नांद्र्याला म्हणून सांगितलं. मॅडमनी बाटलीत भुंगेरा टाकला, चिठ्ठीवर 'नांद्रे' लिहिलं आणि पुढं कंसात लिहिलं, 'प्रवाशाच्या सांगण्यावरून'.

किड्यांवरून माणसांना उपदेश केलेला त्यांना अजिबात खपत नसे. एका स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुणे म्हणाले, मुलांनो, मुंगीकडून शिस्त शिका. मॅडम पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्या बसूनच म्हणाल्या, "राबणाऱ्या सगळ्या मुंग्या बायका असतात. आणि त्यांतल्या म्हाताऱ्या झालेल्यांना आधी बाहेरच्या धोक्याच्या कामाला धाडतात. नेमकं काय शिकायचं?" पाहुणे मुंगी सोडून लगेच सचोटीवर आले.

उत्क्रांती शिकवताना त्यांनी वर्गात झुरळ आणलं होतं, काचेच्या बरणीत, जिवंत. आमच्याकडं घराण्याचा अभिमान जरा जास्तच. खटावनं त्याच आठवड्यात कुणाला तरी सुनावलं होतं की आमचं घराणं तीनशे वर्षांचं आहे. मॅडमच्या कानावर ते कसं गेलं देव जाणे. त्यांनी बरणी उचलून खटावच्या बाकावर ठेवली.

"ह्यांचं घराणं तीस कोटी वर्षांचं. डायनासोर आले, गेले. हे आपलं भिंतीच्या फटीत बसून सगळं बघत होते. आधी नमस्कार कर."

खटावनं खरोखर हात जोडले. मग मॅडमनी दोन तास झुरळाचे पंख, पाय, जबडा असं काही शिकवलं की संध्याकाळी हॉस्टेलच्या मोरीत झुरळ निघालं, तरी चप्पल उचलायला माझा हात धजेना.

पण सगळ्यात मोठं खूळ म्हणजे चिठ्ठी. सुईवर टोचलेल्या प्रत्येक किड्याच्या खाली नखाएवढी चिठ्ठी असते. गाव, तालुका, तारीख, कुणी पकडला. मॅडमचं म्हणणं, किड्याचं नाव शंभर वर्षांनी दुसरा कुणी तरी सांगेल, पण तो कुठं होता हे फक्त पकडणाराच सांगू शकतो. त्यामुळं बाटलीचं झाकण लावायच्या आधी चिठ्ठी लिहायची. पावसात, उन्हात, बाभळीवर चढलेलं असताना. "चिठ्ठी जागेवर!" असं त्या रानात ओरडत. ऊसतोडीच्या बायका कोयता थांबवून बघायच्या.

विभागातल्या कपाटात, सगळ्यात वरच्या फळीवर, एक छोटी लाकडी पेटी होती. तीत एकच किडा आहे, एवढं आम्हाला माहीत होतं. ती पेटी त्या कुणाला दाखवत नसत. एकदा तासगावनं विचारलं तर म्हणाल्या, "ते माझं लफडं आहे. तू तुझं बघ."

माझं लफडं दुसऱ्या वर्षाच्या शेवटी झालं.

परीक्षेआधी प्रत्येकानं पन्नास किड्यांची पेटी द्यायची असे. पन्नासांतले निम्मे स्वतःच्या गावचे हवेत, असा मॅडमचा नियम. मी दिवाळीच्या सुट्टीत घरून तीस आणले होते. पेटी हॉस्टेलात पलंगाखाली ठेवली. पेटीत डांबरगोळ्या ठेवायच्या असतात, नाही तर वाळक्या किड्यांना दुसरे बारीक किडे लागतात. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण माझ्या खोलीतल्या मैत्रिणीचं त्या वासानं डोकं दुखायचं. मी म्हटलं, थंडीचे चार दिवस गोळ्या काढून ठेवू. त्या काढलेल्या गोळ्या कपड्यांत गेल्या आणि मी विसरले.

मार्चअखेरीला पेटी उघडली. सुया होत्या. चिठ्ठ्या होत्या. मधल्या जागी भुकटी. एका नाकतोड्याचा एक पाय तेवढा शिल्लक होता.

गावाला जायला वेळ होता, नाही असं नाही. पण मला वाटलं, उन्हाळ्यात आमच्या माळावर काय मिळणार? मी माधवनगरच्या बाजूला उसाच्या बांधांवर आठ-दहा दिवस जाळी घेऊन फिरले, पन्नास भरले, आणि त्यांतल्या पंचवीसांखाली माझ्या गावाचं नाव घातलं. दिवाळीच्या तारखांसकट. अक्षर सुरेख काढलं होतं.

मॅडम सगळ्यांसमोर पेट्या तपासत. हातात भिंग, पेटी खिडकीच्या उजेडात. माझ्या पेटीतला एकतिसावा किडा आला आणि त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"आटपाडी, पेढे कुठायत?"

"कसले पेढे, मॅडम?"

"तुमच्या वस्तीवर ऊस लागला म्हणायचा. सांगितलं नाहीस?"

मी पेटीत वाकून बघितलं.

"ही पाकोळी. हिचा मुक्काम उसात. पानाचा रस पिते, कारखानदारांच्या डोळ्यांत पाणी आणते. हिच्याखाली तू गाव लिहिलंयस तुझं. म्हणजे पाणी आलं माळावर. चांगलं झालं की! किती एकर?"

वर्ग हसला. "माण, दात आत घे," मॅडम मागं न बघता म्हणाल्या. "तुझी पेटी अजून उघडायची आहे." मग माझ्याकडं वळून, आवाज खाली आणून, "किती खोट्या?"

"पंचवीस."

"गावच्या सगळ्याच?"

"सगळ्याच, मॅडम." आणि मी गोळ्यांचं सांगितलं. सांगताना रडले नाही, हे आजही मला बरं वाटतं.

त्यांनी चिमट्यानं एकेक चिठ्ठी सुईवरून काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. पंचवीस. "सांगलीकडचे खरे पंचवीस राहतील. हे खोटे काढून टाक. आता पंचवीस जागा रिकाम्या. आठ दिवस देते. भर आणि सही घे. नाही तर पुढच्या वर्षी."

पुढचं वर्ष म्हणजे काय, ते मलाच ठाऊक होतं. वर्ष गेलं की शिष्यवृत्ती जाते, शिष्यवृत्ती गेली की हॉस्टेलची खोली जाते, आणि खोली गेली की मी वस्तीवर. मग किडं मोजायची शाळा सुटली, असं लोक म्हणणार.

"मॅडम, एप्रिलात आमच्याकडं काही नसतं. नुसती धूळ असते."

"धूळ कुणी बघितली?" मॅडम म्हणाल्या आणि माणची पेटी ओढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वस्तीवर पोचले. वडील, म्हणजे आबा, मेंढरं घेऊन आले होते. त्यांना सगळं सांगितलं. त्यांना 'खोटी चिठ्ठी' एवढंच कळलं आणि तेवढं पुरलं. "दुसऱ्याचं मेंढरू आपल्या वाड्यात घालून आपला डाग दिल्यावानी झालं की ह्ये," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "किती पायजेत म्हणलीस?"

सकाळी ते मुठीत काही तरी घेऊन आले. "ह्यो बघ, मेंढीच्या कानात हुता. टपोरा हाय."

"आबा, ही गोचीड. हिला आठ पाय असत्यात. किड्याला सहा."

"मग? दोन जास्तीच दिल्यात की! बाईस्नी सांग, वर घाला म्हणावं."

हसत हसत कामाला लागलो. आणि मॅडमचं खरं होतं, मी धूळ कधी बघितलीच नव्हती. मेंढरांच्या लेंड्या काडीनं उकरल्या तर चार तऱ्हेचे शेणकिडे. मेंढवाड्याच्या कडेच्या मऊ मातीत नरसाळ्यासारखे खड्डे, प्रत्येकाच्या तळाशी मुंगी घसरायची वाट बघत बसलेली अळी. बोरीवर काटकीसारखा नाकतोडा. कुंपणाच्या लाकडात वाळवी. दगड उलटा केला की कुणी तरी पळत होतं. लहानपणापासून मी ह्याच मातीत खेळले, आणि मॅडमना सांगून आले होते की इथं काही नसतं.

आई सगळं बघत होती. पाचव्या दिवशी, एकवीस झाल्यावर, म्हणाली, "जात्याच्या खोलीत बघितलंस का?"

जात्याची खोली आता अडगळीची. दगडी भिंत, अंधार, जातं कोपऱ्यात, त्याच्याभोवती पिठासारखी धूळ.

"त्या धुळीत लांब मानंचं एक बेणं असतंय. मी लगीन हून आले तवापासनं बघती. आन ह्या दिसांत दोरं लावलेलं उडतंय. दार उघडलं की दिसतंय. तुला दावू?"

मी म्हटलं दाव. आईनं दार किलकिलं केलं. उजेडाच्या पट्ट्यात एक किडा तरंगत वरखाली होत होता, जणू कुणी हवेत टाके घालतंय. पुढचे दोन पंख जाळीचे. आणि मागचे पंख म्हणजे पंखच नव्हेत, नुसते दोन दोरे, अंगापेक्षा कितीतरी लांब. धुळीतलं ते लांब मानेचं बेणं म्हणजे ह्याचीच अळी. मी जाळी आणायला वळले तोवर तो भिंतीवर बसला आणि आईनं त्याच्यावर उपडी वाटी अलगद दाबलीही.

"आगं, हाललं तर दोरं तुटतील. आदी तुझी ती चिठ्ठी लिही. जाग्यावर लिहायची म्हणलीस न्हवं?"

मी लिहिलं. गाव, तालुका, तारीख. चौथ्या ओळीत सवयीनं माझं नाव घालायला गेले आणि तळहातावरच्या त्या पंचवीस चिठ्ठ्या आठवल्या. लिहिलं, 'शालन'.

तो बाविसावा. आणखी दोन दिवस घासले, पण तीन कमीच पडले.

सांगलीला पोचले तेव्हा आठवा दिवस होता. मॅडमनी पेटी खिडकीपाशी नेली, आधी नुसती मोजली.

"सत्तेचाळीस."

"हो, मॅडम."

"मी पन्नास म्हटले होते."

"विट्याच्या स्टँडवर तासभर गाडी नव्हती. तिथल्या कडुलिंबावर तीन सहज मिळत होते. पण त्यांच्याखाली विटाच लिहावं लागलं असतं. म्हणून सोडले."

मॅडम भिंग घेऊन एकेक सुई बघत गेल्या. शेवटच्या ओळीत थांबल्या. खूप वेळ थांबल्या. हात अंबाड्याकडं गेला, ब्रश काढला, आणि किड्याला न लावताच परत खोचला.

"ही शालन कोण?"

दोन वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं माणसाचं नाव.

"माझी आई. हा तिनं पकडला, मॅडम. वाटीनं."

त्यांनी स्टूल ओढलं, वरच्या फळीवरची छोटी पेटी काढली आणि माझ्या पेटीशेजारी ठेवून उघडली. तोच किडा. पिवळा पडलेला, एक दोरा अर्धा तुटलेला. खाली चिठ्ठी, 'फलटण', आणि त्यावर लाल शाईनं आडवी रेघ.

"मी तुझ्याएवढी होते," मॅडम म्हणाल्या. "सांगलीहून फलटणला आमची सहल. विटा, आटपाडी, म्हसवड करत एसटी गेली. वाटेत देवळं, धर्मशाळा, पंक्चर, सतरा ठिकाणी उतरलो. हा कुठं तरी अंधाऱ्या जागेत मिळाला. म्हटलं, मुक्कामाला गेल्यावर लिहू. मुक्कामाला गेल्यावर आठवेना. सहल फलटणची, म्हणून फलटण लिहिलं. पैकीच्या पैकी मार्क पडले."

"मग?"

"चार वर्षांनी एक म्हातारे अभ्यासक आले, लांबून. विभागाच्या छापील यादीत माझी चिठ्ठी वाचून आले होते. हाच गट त्यांनी जन्मभर अभ्यासलेला. चार दिवस मी त्यांना फलटणभर फिरवलं. घरं, गोठे, उसाची खोपटं. मला माहीत होतं की मला माहीत नाही, आणि तोंडातून निघालं नाही. जाताना माझ्या हातचा चहा प्याले, म्हणाले, तुमचा वेळ घेतला, पुढच्या वर्षी परत बघतो. पुढच्या वर्षी ते नव्हतेच." त्यांनी चिठ्ठीवरच्या लाल रेघेवर नख ठेवलं. "त्या माणसाचे चार दिवस मी खाल्ले, आटपाडी."

मी म्हटलं, "मॅडम, मग आता सापडलं की. तुमचाही आमच्याच भागातला असणार."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी एक पाऊल मागं सरले.

"'असणार' हा चिठ्ठीवर लिहायचा शब्द नाही."

पण मग त्यांनी नवीन चिठ्ठी घेतली, काळ्या शाईनं मुंगीच्या अक्षरात लिहिली, आणि आपल्या किड्याच्या सुईत रेघ मारलेल्या चिठ्ठीच्या खाली सरकवली. मी वाचली. 'ठिकाण माहीत नाही. असाच किडा पाहा: आटपाडी तालुका. पकडणारी, शालन.'

माझ्या वहीवर सही केली. मार्क दिले पन्नासपैकी सत्तेचाळीस. मी बघतच राहिले, तशा म्हणाल्या, "तीन कमी म्हणजे तीन कमी. पेढे घेऊन येशील तेव्हा आईला आण. आणि ही पेटी आता विभागात राहील. जपायची अक्कल तुला अजून आलेली नाही."

निकालानंतर आईला घेऊन गेले. आई दारातच चप्पल काढत होती, मॅडम म्हणाल्या, "राहू द्या, शालनताई. या, इथं बसा." वाकून तिच्या हातात भिंग दिलं. आईला वाचता येत नाही. मॅडमनी ब्रशच्या टोकानं अक्षरं दाखवली. "हा शा. हा ल. हा न. ही तुम्ही."

आई बराच वेळ वाकून बघत राहिली. "एवढुसं?"

"एवढंसंच. पण शंभर वर्षं टिकतं. गोळ्या वेळेवर बदलल्या तर."

"मग बदला की, बाई!" आई म्हणाली.

आता मॅडम निवृत्त होऊन साताऱ्यात असतात. मी फलटणजवळ एका प्रयोगशाळेत नोकरी करते. उसातल्या खोडकिडीची अंडी खाणारे टाचणीच्या टोकाएवढे मित्रकिडे आम्ही वाढवतो आणि कागदी पट्ट्यांवर चिकटवून शेतकऱ्यांना देतो. प्रत्येक पट्टीवर तारीख मी स्वतः घालते, आणि हाताखालची माणसं मागं माझी नक्कल करतात, हे मला माहीत आहे. दर चार-सहा महिन्यांनी एक रविवार काढून मी सांगलीला जाते. कपाट उघडते. दोन पेट्या खाली घेते, जुन्या गोळ्या टाकते, नव्या ठेवते.

त्या दिवशी मला दोन फोन येतात. पहिला साताऱ्याहून. "आटपाडी, गोळ्या?"

"बदलल्या, मॅडम."

दुसरा वस्तीवरून. आई आता मोबाइल हातात धरून मोठ्यानं बोलते, जणू मधलं सगळं अंतर तिला आवाजानंच भरायचं आहे. "आगं, बघितलंस का? हाय का माजं नाव?"

मी भिंग लावून बघते. न बघताही सांगता येईल, पण बघते.

"हाय, आई. जाग्यावर हाय."